विमानाचा कासरा

पाच दिवस झड लागली होती. आज सकाळी तोंड धुवायला अंगणात आले तर आभाळ वाळत घातलेल्या धोतरासारखं पांढरं, आणि मधूनमधून निळं फाटलेलं. उघाड पडली. आमच्याकडे श्रावणातल्या उघाडीला एक वास असतो. उपटलेल्या तरोट्याचा, केन्याचा, मुळांना चिकटून आलेल्या काळ्या मातीचा. गवत उन्हात कोमेजू लागलं की तो वास आणखी गोड होतो. पाच दिवस घरात कोंडलेलं सगळं गाव अशा दिवशी एकदम वावरात उतरतं. माझे गुडघे आता धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंतही, पोचत नाहीत. मी ओसरीत खुर्ची टाकून नुसता वास घेते, दुसऱ्याच्या घरी पुरण शिजत असावं आणि आपण रस्त्यावरून हळूहळू चालावं तशी.

आत मात्र विमानाची घरघर चालू होती. माझी नात, म्हणजे मुलीची मुलगी तन्वी, सुट्टीला आली आहे. यवतमाळला कॉलेजात शिकते आणि वैमानिक व्हायचं म्हणते. त्यासाठी तिनं कॉम्प्युटरवरचं खोटं विमान आणलंय, आणि त्याचं काळं हँडल माझ्या शिलाई मशीनच्या फळीला शिकंज्यानं आवळून बसवलंय. ज्या फळीवर मी पन्नास घरची पोलकी शिवली, तिथून आता रोज नागपूर-मुंबई उडते.

"आजी, धक्का नको लावू. तीस हजार फुटावर हाव मी."

"मंग चहा वर पाठवू का खाली ठेवू?"

ती हसली, पण नजर पडद्यावरून हलवली नाही. मी कप ठेवायला वाकले आणि माझं कोपर त्या हँडलवर पडलं. चांगलं दाबून पडलं. वजनाच्या बाबतीत मी कधी कंजुषी केली नाही. पडद्यावर कुठंतरी पिवळी अक्षरं उमटली आणि तन्वी ओरडली, "आजी! सुटला ना ऑटोपायलट!"

"पडलं का विमान?"

"नाही पडत. पाह्य आता, उलटीच मजा हाये."

मग तिनं मला समजावून सांगितलं. तिला सांगायला आवडतं, मला ऐकायला. पुरता ऑटोपायलट असतो त्याला म्हणायचं मुंबई, तो मुंबईला नेतो. पण काही विमानांत एक दुसरा, अर्धा प्रकार असतो. त्याला कंट्रोल व्हील स्टीअरिंग म्हणतात. हँडल जोरात दाबलं तर कधीकधी पुरता सुटून हा अर्धा लागतो. "यात तू वळवायचं, अन् हात सोडायचा. जसं सोडलं तसंच तो धरून ठेवते. कुठं जायचं ते त्याले मालूमच नाही."

"वापरतात का हे?"

"कोनी नाही वापरत. चुकून लागला तं दचकतेत. पुरा भरवसाही नाही, पुरी मेहनतही नाही. असं अर्धंमुर्धं लोकाईले आवडत नाही आजी."

तिनं माझे दोन्ही हात उचलून हँडलवर ठेवले. मी डावीकडे वळवलं. खालचे कापसाचे ढिगारे, म्हणजे ढगच, तिरपे झाले. "सोड आता," ती म्हणाली. मी सोडलं. विमान तसंच राहिलं, पंख कलवून, ढगांवरून सावकाश फिरत. कुणी ओढत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. माझ्या हातानं जिथं सोडलं होतं तिथंच, आज्ञाधारक, थोडं खुळं.

"हे मी चालवलंय," मी म्हटलं.

"काय? विमान?"

"दोन बैल."

आणि मग चहा तसाच राहिला. माझ्या डोळ्यांपुढं हरण्या आणि लाख्याच्या पाठी हलू लागल्या, एक भुरी, एक लाखेसारखी तांबडी, घामानं काळसर झालेल्या. पलीकडं कापसाच्या कोवळ्या पऱ्हाटीच्या ओळी, इतक्या लांब की टोकाला त्या एकमेकींना चिकटल्यासारख्या वाटायच्या.

कापसाची ती वाईट वर्षं होती. गावोगावची माणसं बोलायची कमी झाली होती, आणि कमी बोलणाऱ्या माणसाकडं घरातल्या बाया तिरक्या डोळ्यानं बघत राहायच्या. आमचे हे त्या साली आखाड लागता लागता बैलगाडीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. दिग्रसला नेऊन प्लास्टर घातलं, घरी आणून ओसरीत बाजेवर निजवलं. पहिल्या दिवशी कण्हले, दुसऱ्या दिवशी पाणी मागितलं, आणि तिसऱ्या दिवसापासून भिंतीकडं तोंड करून राहिले. जेवायला हाक मारली की हात मागं यायचा, तोंड नाही. मी म्हणाले, "गवत वाढून राह्यलं." ते भिंतीला म्हणाले, "वाढू दे." मी म्हणाले, "पऱ्हाटी दबून जाईन." ते म्हणाले, "जाऊ दे."

मला गवताचं भय नव्हतं. त्या 'जाऊ दे'चं होतं. ज्या माणसानं वीस वर्षं माझ्या चहातल्या साखरेपासून सरपंचाच्या चालीपर्यंत सगळ्याला नावं ठेवली, त्याचं एकाएकी कशाबद्दलच काही म्हणणं उरलं नव्हतं. मी फवारणीचं औषध घरातून काढून गोठ्याच्या माळ्यावर, जुन्या खोगिराखाली लपवलं. इतकं हुशारीनं लपवलं की पुढं मावा पडला तेव्हा मलाच दोन दिवस सापडलं नाही.

उघाड पडली ती अशीच, आजच्यासारखी. ओळींमधलं गवत काढायच्या डवरणीला माणूस शोधत गावभर फिरले. उघाडीत प्रत्येकाला आपापलं वावर असतं; कोण येतो दुसऱ्याच्या डवऱ्यामागं? तन्वीची आई तेव्हा यवतमाळला वसतिगृहात. घरात उरलं कोण, तर मी.

त्या बाईबद्दल, म्हणजे तेव्हाच्या माझ्याबद्दल, काय सांगू! अडतीस वर्षांची, दिग्रसची. जिनिंग गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या गल्लीत वाढलेली. दहावी पास. अक्षर मोत्यासारखं, आणि अक्षराचा गर्व पोत्यासारखा. वेचणीला ती रांगेत सगळ्यांत मागं असायची, पण गप्पांत पुढं. डवरा तिनं लांबून बघितला होता: लाकडाची दांडी, खाली गवत कापायला लोखंडी पास, वर धरायला रुमणं. त्यात काय आहे, असं तिला वाटायचं. वावरात जाताना बाया साडीवर नवऱ्याचा सदरा चढवतात, तसा तिनंही चढवला. फक्त आधी त्याला इस्त्री केली.

बायांनी डवरा धरायची तेव्हा रीत नव्हती. रीत मोडायची म्हणून तिनं धरला असं कोणी समजू नये. तिला एवढंच हवं होतं की बाजेवरच्या माणसानं चिडून तरी मागं वळून बघावं. त्यानं बघितलं नाही.

पहिल्या दिवशी तिनं जे केलं त्याला डवरणी म्हणायला मन धजत नाही. तिला वाटायचं, ओढत राहिलं तरच बैल सरळ जातात. लाख्या बोटभर डावीकडे गेला की कासरा उजवीकडे, उजवीकडे आला की डावीकडे. बिचारे बैल नागासारखे वळत गेले आणि पास दोन्हीकडची पऱ्हाटी कापत गेली. तास, म्हणजे एका ओळीची फेरी, संपला तेव्हा मागं वळून पाहिलं तर पस्तीस-चाळीस झाडं आडवी. आता शहाणी बाई काय करील? गप्प बसेल. ही बाई खाली बसली आणि एकेक कापलेलं झाड उचलून ओल्या मातीत परत उभं खोचत गेली, हुबेहूब ओळीत. संध्याकाळी पाहणाऱ्याला कळलंही नसतं. दुसऱ्या दिवशी उन्हानं मात्र चहाडी केली. तेवढीच झाडं माना टाकून एका रांगेत उभी, शाळेत शिक्षा झालेल्या पोरींसारखी.

"मंग आजी?" तन्वीनं विचारलं. तिचं विमान अजून गोल फिरतच होतं.

"मंग काय, हात दुखले. दुखले म्हणून सैल सुटले."

हो, शहाणपण माझ्याकडं नेहमी असंच आलं, थकव्याच्या मागच्या दारानं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कासरा ओढायचं त्राणच उरलं नाही, तर बैल आपले सरळ चालू लागले. सुरुवातीला एकदा तोंड ओळीला लावून द्यायचं, बस. मग खाली पासेचा खर्र खर्र आवाज, मागं बगळ्यांची पंगत, पायाला उलथलेली गार माती. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटीची पानं पोटऱ्यांना लागून जात. चालणं इतकं एकसुरी आणि गुंगवणारं, की आपण चालतोय की वावरच खालून सरकतंय ते कळेना. अजून कधी दुपारी डोळा लागला की मी तिथंच चालत असते. झोपेत पाय हलतात म्हणे.

तिसऱ्या दिवशी आभाळात खूप उंचावरून एक विमान गेलं. आवाज नाही, नुसती पांढरी रेघ, कुणीतरी निळ्या पाटीवर सावकाश ओढलेली. मी मान वर करून बघत राहिले. हात रुमण्यावर नावालाच होते. मनात आलं, वर बसलेला तो माणूसही आपल्यासारखाच ओळ धरून चाललाय. मग मनात आलं, आपणही काही कमी नाही. मग पुसदला मोठा मांडव पडला, माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि मी माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून आणलेलं आभाराचं भाषण वाचू लागले. भाषण चांगलं लांब होतं. मी त्यात गावातल्या ज्या बायांशी पटत नव्हतं त्यांचेही मोठ्या मनानं आभार मानले.

टाळ्या ओसरल्या तेव्हा समोर भासरे उभे होते.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडं भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. तेही भावजयीशी बोलत नाहीत. शिवाय आमच्यात आणखी एक कारण होतं. दोघा भावांची वाटणी होऊन चार वर्षं झाली होती आणि वाटणीच्या वेळी धुऱ्यावरच्या एका बाभळीवरून बोलणं तुटलं होतं. ती बाभूळ पुढं वादळात पडली. अबोला उभाच राहिला.

आणि मी आता त्यांच्या वावरात होते. मधला धुरा वीतभर उंचीचा, झडीनं बसलेला, गवतानं झाकलेला. बैल तो कधी ओलांडून गेले मला कळलंच नाही. अर्धा तास, म्हणजे अर्धी ओळ, मी दुष्मनाची डवरून दिली होती. वाटणी माणसांची झाली होती, बैलांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी मातीच्या हातांनी पदर ओढला. भासऱ्यांनी माझ्याकडं न बघता बैलाकडं बघितलं.

"काय रे लाख्या," ते म्हणाले, "हे कोनाचं वावर होय? तुले तं मालूम असन."

आता उत्तर कुणाला द्यायचं? मी माझ्या बाजूच्या बैलाकडं तोंड केलं. "हरण्या, त्याईले म्हणा, चुकलं. आताच वापस फिरतो."

"फिरू नोको म्हणा लाख्या. सुरू केला तास अर्ध्यात सोडत नसतेत. बुडापर्यंत ने, अन् बाजूच्या तासानं वापस ये."

मी बैल हाकले. ते पलीकडून माझ्याबरोबर चालू लागले, चार ओळी सोडून, हात मागं बांधून. थोड्या वेळानं पुन्हा लाख्याला म्हणाले, "बाईले सांग, आता मले पाहून कायले कासरा ओढून राह्यली? मघा कसं जमत होतं. वळवा अन् ढील द्या. जनावर सोडलं तिथं राह्यते."

"हरण्या, म्हणा, हो."

बैलांच्या तोंडाला मुसकी बांधलेली होती. नाहीतर त्या दिवशी ते हसले असते.

तासाच्या बुडाला पोचलो तेव्हा मी मागं वळून बघितलं, आणि तेवढ्यात भासऱ्यांनीही. आमच्या वावरातून त्यांच्या वावरात, धुऱ्यावरून, ओळ सरळ चालत आली होती. एक झाड कापलं गेलं नव्हतं. दोघा भावांनी चार वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं. पण पेरताना दोघांनी त्याच दिशेनं, तेवढ्याच अंतरानं, जणू एकाच दोरीनं पेरलं होतं. माझे सासरे जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्यांच्या हातानं ज्या अंगाला सोडलं, त्याच अंगाला दोघंही चालले होते.

भासरे बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिले. मग लाख्याच्या वशिंडावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "अन् तुह्या मालकाचा पाय कसा हाये?"

मी हरण्याला सांगणार होते की बरा आहे म्हणून. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "हरण्या, म्हणा, पायाचं हाड बसून राह्यलं. मानूस उठून नाही राह्यला. भिंतीकडं तोंड करून निजते."

कुठलातरी बगळा उडाला. दुसऱ्या तासानं मी परत निघाले तेव्हा ते तिथंच उभे होते, पाठमोरे.

तन्वी मला मधेच थांबवून एक गोष्ट सांगत होती ती मी आत्ता लिहिते, कारण तेव्हापासून ती डोक्यात फिरतेय. तिच्या त्या अर्ध्या ऑटोपायलटची एक खोड आहे. विमान अगदी थोडं, पाच-सहा अंशच कललेलं असताना हात सोडला, तर तो आपणहून पंख सपाट करतो. त्याहून जास्त कलवून सोडलं तर मात्र सरळ करत नाही. तसंच कललेलं धरून ठेवतो, आणि विमान गोल गोल फिरत राहतं, कुणी येऊन हात लावीपर्यंत.

त्या दुपारी भाकर घेऊन मी बाजेपाशी बसले तेव्हा मला हे अंश वगैरे ठाऊक नव्हते. पण त्या पाठीकडं बघून मी तेच मोजत होते. हा माणूस किती कललाय? आपला आपण येणाऱ्यातला आहे, की आता नाही येणाऱ्यातला?

"आज एक घोटाळा झाला," मी म्हणाले. "मी डवरत डवरत थोरल्यांच्या वावरात गेलो."

हात भाकरीसाठी मागं आला होता तो हवेत थांबला.

"किती तास?"

महिन्याभरात त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"दोन."

"झाडं किती कापले?"

"एकही नाही. तुमच्या दोघाईच्या ओळी एकात एक हायेत."

मग भिंतीकडूनच, "त्याच्या ओळी वाकड्या असतेत. बुडाशी उजवीकडे जातेत. बाबा सांगून सांगून थकले."

"भासरे तं तुमच्याच वाकड्या म्हणते," मी म्हणाले. हे मात्र धादांत खोटं. भासरे असं काहीच म्हणाले नव्हते. पण खोटं बोलताना मला जितकं सुचतं तितकं खरं बोलताना कधी सुचलं नाही.

"कोण? बापूराव म्हणते? माह्या ओळी वाकड्या?" आणि बाज करकरली. मान वळली. वाढलेली दाढी, चिपडं धरलेले डोळे, एका गालावर बाजेच्या सुतळीचे वळ. इतका कुरूप आणि इतका देखणा माणूस मी परत बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी जुंपायला लावली. प्लास्टरचा पाय गोधड्यांच्या ढिगावर ठेवून, वाटेत प्रत्येक खड्ड्याला माझ्या माहेराचा उद्धार करत आम्ही वावरात पोचलो. धुऱ्यावर पळसाखाली बाज टाकली. पलीकडं भासरे आधीच येऊन बसले होते. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. मी डवरा जुंपला.

पहिला अर्धा तास दोघं दोन दिशांना बघत होते. मग भासरे मोठ्यानं लाख्याला म्हणाले, "पाह्य रे, तुह्या मालकाची ओळ मधात कशी पोट काढून राह्यली."

"बैलाले काहून सांगतं?" हे गरजले. "मले सांग ना! तोंड नाही काय तुले?"

"तुलेच सांगतो. वाकडी हाये!"

"अन् तुह्यी? बुडाशी पाह्य, मुतत गेल्यासारखी गेली!"

"तुह्यी बायको माह्या वावरात डवरा घालते, वरून तूच बोलतं?"

"मंग! फुकटात गवत काहाडून देल्लं. उपकार मान म्हणा!"

आवाज इतके चढले की शेजारच्या वावरातली माणसं डवरे सोडून धावत आली. थोरल्या जाऊबाई शिदोरी टाकून पळत आल्या आणि माझा दंड धरून म्हणाल्या, "अवं, अशी पाह्यत काय उभी? थांबव ना त्याईले!"

"थांबवू नका जाऊबाई," मी म्हणाले. "बोलू द्या. आणखी बोलू द्या."

भासरे धुऱ्यावर चढून बोट दाखवत होते. "तिसरी ओळ. इथून दिसते. तुले निजल्या निजल्या काय दिसन?"

"निजल्या निजल्या?" असं म्हणून ह्यांनी पळसाची फांदी धरली. मी रुमणं सोडून धावणारच होते. प्लास्टर बाजेवरून दाणकन खाली आलं. फांदी वाकली, पानांतलं पाणी सगळं त्यांच्या अंगावर पडलं, आणि त्या पावसातून, एका पायावर, माझा नवरा उभा राहिला.

"कुठं हाये वाकडी? दाखव!"

भासऱ्यांनी दाखवायला केलेलं बोट तसंच हवेत राहिलं. मग ते धुरा उतरून आले आणि भावाच्या काखेत खांदा घालून म्हणाले, "ते पाह्य तिकडे. तिकडे, म्हसोबा!"

प्लास्टरला चीर गेली होती. दिग्रसच्या डॉक्टरांनी दोघा भावांना यथेच्छ झापलं आणि तीन आठवडे वाढवले. बाज ओसरीतून अंगणात आली. त्या तीन आठवड्यांत माझ्या डवरणीला ह्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यापुढं जेवढी नावं ठेवली, तेवढं सुख मला पुढं कुठल्याच कौतुकानं दिलं नाही.